वर धरलेला हात

लेहच्या गोठलेल्या तळ्यावर मुलींची आइस हॉकी चालली होती, चेंडूऐवजी रबरी चकतीने. लाल संघातल्या एकीने काठी अडकवून निळ्या संघातल्या मुलीला पाडलं. रेफ्रीबाईंनी हात वर केला, पण शिट्टी काही वाजवेनात. "अहो, वाजवा की!" मी काठावरून ओरडलो.

सामना संपल्यावर रेफ्रीबाई माझ्याकडे बघून हसल्या. "अंकल, चकती निळ्यांकडेच होती. तेव्हाच खेळ थांबवला असता तर नुकसान त्यांचंच. चकती लाल संघाकडे गेली की वाजवायची. शिक्षा कुठे पळून जाते?"

माझी लेक सासरचं काही सांगू लागली, की मी पहिल्याच वाक्याला जावयावर तुटून पडायचो. ती गप्प व्हायची. पुढे काय सांगायचं होतं, ते राहूनच जायचं.

परवा तिचा फोन आला. पहिल्याच वाक्याला शिट्टी माझ्या ओठांवर आली. मी नुसता हात वर धरला. ती बोलत राहिली.