एका हाताचं दुकान

इंदू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या डाव्या हातात शटरचं कुलूप होतं. उजवा हात नुसता खांद्याला लटकलेला, त्यामुळे कुलूप खाली ठेवल्याशिवाय मला फोन घेता येत नाही, आणि तोवर समोरचा माणूस बहुतेक वेळा कंटाळून जातो. त्या दिवशी मात्र फोन वाजतच राहिला. पलीकडे इंदूची मुलगी सीमा होती. "मावशी, आई गेली..." एवढंच कसंबसं बोलली. मी म्हटलं, "अगं, आज शुक्रवार आहे. ती माझ्याकडे येणार आहे." आता आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं, पण तोंडातून हेच निघालं. सानपाड्याच्या घरी इंदू सकाळी चहा पिऊन उठली, चक्कर येते म्हणून सोफ्यावर टेकली, ती टेकलीच. कुणाला हाक नाही, पाणी मागणं नाही. जन्मभर जिचा आवाज वर्कशॉपमधल्या ग्राइंडरच्या वर ऐकू यायचा, ती बाई जाताना इतकी गप्प कशी गेली, ते मला अजून पटत नाही.

नेरूळला माझं शिवणाच्या सामानाचं दुकान आहे. फॉल, अस्तर, लेस, बटणं, हुक, सुया, रिळं. नखाएवढ्या वस्तूंचा संसार म्हणा ना. दुकान उघडलं तेव्हा लोखंडी रॅक बनवायला इंदूच्या नवऱ्याला सांगितलं होतं. पावणे एमआयडीसीत त्यांचं कपाटं बनवायचं वर्कशॉप. माप घ्यायला तो आला आणि मागोमाग ही. आल्या आल्या मला म्हणाली, "बाई, दुकान तुमचं बारकं आन् गल्ला एवढा मोठा?" मी म्हटलं, "गल्ल्यात मी बसते, पैसे नाहीत." तेव्हापासून आमची मैत्री. पुढे नवरा अचानक गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं साताऱ्याची ही बाई आता वर्कशॉप विकून मोकळी होणार. हिने पदर खोचला आणि पत्रा कापायला उभी राहिली. शुक्रवारी वर्कशॉपला सुट्टी. त्या दिवशी ती माझ्या दुकानात काउंटरपलीकडच्या स्टुलावर येऊन बसायची, माझ्या गिऱ्हाइकांना न मागता सल्ले द्यायची, माझा चहा प्यायची आणि वर चहाला नावं ठेवायची. वर्षानुवर्षं आम्ही अशा समोरासमोर बसलो. हे समोरासमोर बसणं पुढे कसं अंगाशी आलं ते सांगतेच.

मला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं आलं, पण उजवा हात काही वळेना. माझा मुलगा नीलेश स्वभावाने गरीब, पण एकदा काळजी करायला लागला की माणसाला गुदमरवून टाकतो. "आई, पुरे झालं आता. गाळा भाड्याने देऊ. मोबाइल कव्हरवाला मागे लागलाय, तू आरामात घरी बस." आराम! ज्या बाईचा नवरा तरुणपणी गेला आणि जिने हुक-बटणं विकून मुलाला इंजिनीअर केलं, तिला म्हणे घरी बस. मला ठाऊक होतं, एकदा हे शटर खाली आलं की मी टीव्हीसमोरची एक म्हातारी होणार, जिला सून दोन वेळा विचारून जेवायला वाढणार. सून चांगली आहे हो, तिचं काही नाही. पण तसं जगायची मला भीती वाटत होती. म्हणून हट्टाने एक दिवस दुकान उघडलं. एका बाईने प्रेस बटणं मागितली. ती बरणीत, आणि बरणीला फिरकीचं झाकण. बरणी गुडघ्यात धरली, झाकण फिरवलं, आणि सगळी बटणं फरशीवर. दुसऱ्या डब्याला रबर बँड, ते दातांनी ओढलं. आपल्या घरातली, दुकानातली यच्चयावत वस्तू दोन हातवाल्या माणसासाठी केलेली असते, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती बाई म्हणाली, "राहू द्या काकू, मी बाजारातून घेते." तिने चांगल्या मनाने म्हटलं, पण त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे सगळं इंदू समोरच्या स्टुलावरून बघत होती. कळवळली नाही, उठून मदतीला आली नाही. मी रडायला लागले तेव्हा म्हणाली, "मंदे, तुझ्या हाताला काय झालंय ते डाक्टर बघतील. तुझ्या डब्यास्नी काय झालंय ते मी बघती." मग नीलेशला फोन लावून दम भरला, की दिवाळीपर्यंत थांब, तोवर मोबाइलवाल्याला गाळ्यात पाऊल टाकू द्यायचं नाही. नीलेश तिला लहानपणापासून घाबरतो. "दिवाळीपर्यंतच हां, मावशी," एवढं मात्र तो म्हणाला.

त्यानंतर इंदूने वर्कशॉपमध्ये स्वतःचा एक हात पंचाने पोटाशी बांधून घेतला. कारागीर हसले, तिने त्यांच्या सात पिढ्या काढल्या. एका हाताने ड्रॉवर ओढला तर तो पुरता बाहेर येऊन पायावर पडतो, म्हणून आत अडसर घातला. ड्रॉवर खोल असला की वस्तू एकमेकींखाली गाडल्या जातात, म्हणून ते उथळ केले, कुठल्याही ड्रॉवरात एका थरावर दुसरा थर बसणार नाही असे. झाकण कशालाच नाही. प्रत्येक ड्रॉवरच्या तोंडावर आतल्या वस्तूचा नमुना तारेने बांधायचा, म्हणजे उघडून बघायला नको. आणि सगळ्यात मोठी गोम तिने शोधली ती तळाची. सपाट पत्र्यावर पडलेलं पातळ बटण एका हाताने उचलता येत नाही. बोट लावलं की सरकतं, पुन्हा लावलं की पुन्हा सरकतं. दुसरा हात आडवा धरायला असतो म्हणून आपल्याला ते कधी जाणवत नाही. ती दोन दिवस त्यावर चिडचिड करत होती. मग तिसऱ्या दिवशी तिचा फोन, "आगं, परातीत सांडलेली मोहरी आपुन कशी उचलतो? बोटानं कडंला वढत नेतो, कड वर चढली की मोहरी आपसूक बोटात येती. ड्रॉवरची म्होरली बाजू मी परातीवानी गोल वाकवती." कपाटं बनवणाऱ्यांना काटकोनाची सवय, त्यात पत्रा वाकवणारा तिचा बेंडिंगवाला जुना माणूस. तो म्हणाला, बाई, असं कोण करतं का? ती म्हणाली, मी करते.

आणि मग तो दिवस. टेम्पोतून कपाट आलं. हिरव्या रंगाचं, चकचकीत, आजूबाजूचे दुकानदार बघायला जमलेले, नीलेश सुट्टी काढून आलेला. इंदूच्या चेहऱ्यावर तर मुलीचं लग्न लावल्याचा रुबाब. कपाट भिंतीशी लावलं, मी माझ्या जागेवर बसले आणि हात पुढे केला... पोचेना. ड्रॉवर सगळे माझ्या उजव्या अंगाला. डावा हात छातीवरून वळवून नेला तर कडी उलट्या बाजूला. कसाबसा एक ओढला, तर वस्तू ज्या कोपऱ्यात घरंगळत याव्यात म्हणून तिने तळाला उतार दिला होता, तो कोपराही पलीकडचा. मी म्हटलं, "इंदे, हे काय केलंस?" ती माझ्या हाताकडे बघते, माझ्या तोंडाकडे बघते, स्वतःच्या हाताकडे बघते. वर्षानुवर्षं माझ्या समोर बसलेली बाई! माझा उजवा तिच्या डाव्या अंगाला दिसायचा, म्हणून हिने खुशाल स्वतःचा डावा बांधून घेतला आणि उजव्याने सगळी मापं काढली. "आगं बया! मी तर चांगल्याच हातासाठी केलं की गं!" मी भडकले. म्हटलं, "माझा मेला हात कुठला तेसुद्धा तुला आठवेना? मी मेले तर खांदा तरी बरोबर माणसाला देशील ना?" शेजारचा झेरॉक्सवाला हसला, मग ती हसली, मग मलाही आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. नीलेश मात्र हसला नाही. तो म्हणाला, "मावशी, दिवाळी काही लांब नाही आता."

वाकवलेला पत्रा म्हणजे पोळी नव्हे, उलटली की झालं. सगळे ड्रॉवर नव्याने करावे लागले. या वेळी ती काउंटरच्या आत, माझ्या शेजारी स्टूल टाकून बसली. माझ्याच बाजूला तोंड करून, उजवा हात बांधून. मी हात नेला की ती नेणार, मी वळले की ती वळणार. गिऱ्हाइकांना वाटलं दोघींनाही झटका आला. नवरात्रात ब्लाउजांची गर्दी सुरू झाली तेव्हा दुसरं कपाट आलं, आणि माझा हात पहिल्या झटक्यात हुकांच्या ड्रॉवरवर गेला. ओढला, बोटाने एक हुक पुढे आणला, तो कडेवर चढला, चिमटीत आला. एवढीशी गोष्ट. पण मला वाटलं मी माझ्याच घरात परत आले. त्या संध्याकाळी नीलेश दुकानात येऊन उगाच इकडेतिकडे करत राहिला आणि निघताना म्हणाला, "मोबाइलवाल्याला नाही म्हणून सांगितलं मी."

गोष्ट इथे संपली असती, पण इंदू कुठली संपवू देतेय. माझ्या हाताचा व्यायाम करून घ्यायला घरी येणारी मुलगी एकदा दुकानात आली, कपाटाचं कौतुक केलं आणि म्हणाली, "फक्त एक आहे, काकू. सगळं डाव्यानेच व्हायला लागलं की उजवा हात कायमचा सुट्टीवर जाईल." इंदूने ते ऐकलं मात्र. पुढच्या शुक्रवारी पिशवीतून एक ड्रॉवर घेऊन आली आणि काउंटरखाली, माझ्या उजव्या गुडघ्याजवळ, स्वतः ड्रिल धरून बसवला. त्याला बादलीच्या कडीसारखी मोठी कडी. मी विचारलं, "यात काय ठेवायचं?"

"काय न्हाई."

"नेरूळच्या गाळ्यात रिकामी जागा? भाव माहिती आहे का तुला?"

"ती तुझ्या उजव्याची खोली हाय. रोज एकदा कडी धरायची आन् वढायचं. डाव्यानं हात लावायचा न्हाई, सांगून ठेवती."

तेव्हापासून दर शुक्रवारी आली की आधी तेच. "वढ." मी डाव्याने उजवा उचलून कडीवर ठेवायची, तेवढ्याला तिची परवानगी होती. मग आम्ही दोघी त्या हाताकडे बघत बसायचो, चुलीवर दूध ठेवून बसावं तशा. काही व्हायचं नाही. मी वैतागायची, "बस कर गं इंदे, लाकूड आहे ते." ती चहा ओढत म्हणायची, "लाकडाला बी पालवी फुटती. म्होरल्या शुक्रवारी बघू." किती शुक्रवार गेले कोण जाणे. तिच्या शेवटच्या शुक्रवारी माझं मधलं बोट कडीत किंचित वळलं. ओढलं नाही हो, नुसतं अडकलं. पण इंदू स्टुलावरून उठली, काउंटरला वळसा घालून आत आली, खाली वाकून ते बोट जवळून बघितलं आणि म्हणाली, "अडाकलं. आता वढंल." मग लोकल चुकेल म्हणून घाईने निघाली. चहा अर्धा टाकून गेली, वर म्हणाली, आज साखर जास्त आहे.

पुढचा शुक्रवार उजाडला तो सीमाच्या फोनने. त्यानंतरचे काही शुक्रवार मी दुकान उघडलंच नाही. पावण्याचं वर्कशॉप आता सीमा बघते, जमतंय तिला. ती म्हणाली, "मावशी, कपाटाला काही झालं तर सांगा, माणूस पाठवते." कपाटाला काही होत नाही. रोज शेकडो वेळा माझा हात त्यात जातो आणि रोज त्या गोल कडेवर चढून एकेक बटण माझ्या चिमटीत येतं. लोक विचारतात, मैत्रिणीची आठवण येते का? काय सांगायचं त्यांना... मला तिची आठवण यायला वेळ कुठे आहे, मी दिवसभर तिच्यातच बसलेली असते. पण काउंटरखालच्या त्या ड्रॉवरला मी हात लावला नव्हता. कशाला लावू? आणि कुणासाठी?

गेल्या शुक्रवारी दुपारी एक मुलगी आली. स्वतःच्या लग्नाचा ब्लाउज, गडद जांभळा, त्याला मॅचिंग दोरा हवा होता. तिला स्टुलावर बसायला सांगितलं. ती मोबाइलमध्ये मान घालून बसली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. काय मनात आलं कोण जाणे, मी उजवा हात उचलून कडीवर ठेवला. बोट अडकलं. मग दुसरं अडकलं. मी ओढलं म्हणणार नाही, कारण हाताने तर नेमकं काय केलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण ड्रॉवर हलला. इंदूने वंगण इतकं घातलं होतं की आवाज न करता तो पुढे आला, थोडासाच, आत रिकामा पत्रा दिसेल इतका. मी मोठ्याने म्हटलं, "इंदे, आला गं!"

मुलीने दचकून मान वर केली. "काय आलं, काकू?"

"हात," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं. इंदू गेल्यापासून पहिल्यांदा, भर दुकानात, परक्या पोरीसमोर. बिचारी घाबरली, पाणी देऊ का विचारायला लागली. मी मान हलवली. ड्रॉवर तसाच उघडा होता. सवयीने तो बंद करायला माझा डावा हात पुढे गेला होता... त्याला मी मागे घेतलं.