इंझोरीचे उपरणे

पुण्याहून निघताना माझ्याजवळ एक वळकटी, एक फिरकीचा तांब्या आणि सुताचे एक गाठोडे होते. गाठोड्याचे मला फार कौतुक. आमचा धाकटा भाऊ दामू मुंबईला गिरणीत आहे. त्याने आपल्याच गिरणीचे ते सूत मुद्दाम आणून दिले होते, अस्सल देशी. "वऱ्हाडात कापूस पिकतो आणि तुम्ही इथून सूत घेऊन निघालात!" असे म्हणून आमच्या घरातून हसणे झाले. मी तिकडे लक्ष दिले नाही. शाळामास्तराला घरच्या हसण्याची सवय असते.

आमच्या थोरल्या मुलीचे, कुसुमचे, लग्न ठरले होते. जावयाला द्यायचे उपरणे इंझोरीच्या करीमभाईच्याच मागावरचे हवे, हा हट्ट माझा. आठ वर्षांपूर्वी मी त्या भागात गेलो होतो तो एका अर्जावर सह्या गोळा करायला. परदेशी कापडावर आणि सुतावर सरकारने जबर जकात बसवावी, म्हणजे आपल्या गिरण्या तगतील आणि आपल्या हातांना काम मिळेल, असा तो अर्ज. तेव्हा माझा आवाज खणखणीत होता आणि शंका कमी होत्या. करीमभाई हा इंझोरीचा विणकर. विलायती बारीक सुतावर त्याचे सगळे काम. त्याने माझे व्याख्यान शेवटपर्यंत ऐकले आणि एकच विचारले, "मास्तर, सूतबी महाग होईन काय?"

"आपल्या गिरण्या देतील की सूत!" मी म्हणालो.

त्याने उर्दूत सही केली. निघताना त्याने मला एक उपरणे दिले, इतके तलम की खांद्यावर आहे की नाही ते चाचपून बघावे लागे. पुढे जकात बसली. ती आमच्या अर्जामुळे बसली असे म्हणण्याइतका मी खुळा नाही; पण बसली तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते.

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून कारंज्याची लहान गाडी धरायची असते. ती यायला अवकाश होता म्हणून मी गाठोडे उशाला घेऊन बाकावर पडलो, आणि डोळा उघडला तो गाडीच्या शिटीने. धावत जाऊन डबा गाठला, पण एक वहाण फलाटावरच राहिली. डब्यातली मंडळी पोट धरून हसली. "दुसरीबी फेकून द्या, ज्याले पहिली सापडली त्याले कामी येईन," असा सल्ला समोरच्या गृहस्थाने दिला. तो मला पटला आणि मी दुसरीही खिडकीतून टाकली.

हे गृहस्थ कारंज्याचे कापडदुकानदार निघाले. पुण्याचा मास्तर म्हटल्यावर त्यांनी मला धारेवरच धरले. "विलायती लुगडं महाग झालं ते समजलं, त्याच्यावर जकात हाय. पन देशी काहून महाग झालं, ते सांगा."

मी म्हणालो, गिरण्यांना पायावर उभे राहायला वेळ लागतो, यंत्रे महाग असतात, वगैरे.

"तसं नाई जी. सस्ता माल समोर होता तवा हे भाव दाबून होते. आता समोर कोनी उरलं नाई, मंग कायले दाबतीन?"

मी दामूचे उदाहरण दिले. जकात नसती तर त्याच्या गिरणीला टाळे लागले असते, त्याची तीन पोरे उघडी पडली असती. हे काही बनवून सांगितले नव्हते. खरेच तसे होते.

"बरं झालं त्याचं," ते मनापासून म्हणाले. "पन माह्या दुकानी बाया लुगड्याले हात लावून पाह्यतात अन् घडी करून ठेवून देतात. एका लुगड्यावर दोन सालं काढतात." मग त्यांनी डबा उघडून मला भाकर, अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा वाढला. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि वाद तिथेच थांबला.

कारंजे कापसाच्या हंगामात पांढरे होऊन जाते. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस, गटारात कापूस, लोकांच्या भुवयांवर कापूस. जिनाच्या (सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) आवारात ढीग असे लागले होते की माणसे त्यांवर कमरेपर्यंत रुतून चालत होती. बाजारात नव्या वहाणा घेतल्या आणि इंझोरीला जाण्यासाठी दमणी (हलकी बैलगाडी) ठरवली. दमणीवाला सखाराम बोलका होता. वाटेत त्याने बिडी काढली, खिशातून काडेपेटी काढली, आणि चाकूच्या पात्याने एक काडी गुलापासून खाली उभी चिरून तिच्या दोन काड्या केल्या. एक परत पेटीत ठेवली, दुसरीने बिडी पेटवली. मी बघतच राहिलो.

"काडेपेटीवरबी पट्टी बसली ना मास्तर," तो म्हणाला. "माही बाई तं चूल विझूच देत नाई आता. राखेत इस्तू (निखारा) झाकून ठेवते."

हे ऐकून मी हसलो. पुण्याला जाऊन सांगायला चांगला किस्सा मिळाला, एवढेच मला तेव्हा वाटले.

दुतर्फा तुरी वाळायला आल्या होत्या, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. इंझोरीत पोचलो तेव्हा करीमभाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. दिवसाउजेडी विणकर ओट्यावर दिसला, तिथेच मी समजायला हवे होते.

"या मास्तर! लय सालानं वाट सापडली तुमाले." दाढी पूर्ण पांढरी झाली होती, हसणे मात्र तेच. त्याची बायको जैनबी पाणी घेऊन आली. उंबरठा तिने पायाने चाचपून ओलांडला. मागून चहा आला, तो गुळाचा. "साखर आता ईदले," करीमभाई म्हणाला.

आतल्या खोलीत माग होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकराने बसायचे. त्यावर जुनी चादर टाकलेली होती.

"बंद का?" मी विचारले.

"बारीक सूत परवडत नाई. जकातीनं असं महाग झालं का उपरनं विकून सुताचे पैसे निंगत नाई. आपल्या गिरन्या जाड सूत काढतात. बारीक जे थोडं काढतात ते सोताच विनतात." तो हे भांडून बोलत नव्हता, पाऊसपाण्याचे बोलावे तसे बोलत होता. "मी हंगामात कारंज्याच्या जिनात जातो. कापूस उचलाले."

त्याने चादर उचलली. मागाच्या फणीत आणि तिच्यामागच्या दोऱ्यांच्या फासांत वीत वीतभर धागे लोंबत होते. पांढरे, लहान मुलाच्या जावळासारखे मऊ.

"हे कशाला ठेवलेत?"

"ठेवाच लागते. कापड उतरवलं का ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) टोकं मागावरच राहू द्याचे. नवं सूत आलं का एकेका टोकाले एकेक धागा सांधाचा अन् ओढून घ्याचा. मंग फिरून ओवा लागत नाई." त्याने बायकोकडे बघितले. "हिनं ओवले होते, लगन होऊन आली त्या साली. तवापासून सांधत सांधतच आलो. टोकं हायेत तोवर माग जिता हाय."

"दहा दिवस लागले होते मले," जैनबी म्हणाली. "हजारावर धागे. एकबी चुकला नाई." तिच्या बोलण्यात अजूनही नव्या नवरीचा ताठा होता.

आणि मग मी, मोठ्या ऐटीत, गाठोडे सोडले. दामूच्या गिरणीचे सूत, अस्सल देशी, कुसुमच्या लग्नासाठी! करीमभाईने एक लड उचलली, अंगठा आणि बोटात धागा फिरवला. जैनबीनेही हात पुढे करून धागा चाचपला. करीमभाईने मागावरच्या टोकांकडे एकदा बघितले.

"पोट्टीच्या लग्नाचं सूत हाय?" त्याने विचारले.

"हो. जावयाचं उपरणं, आणि व्याह्यांना एक."

"मंग विनतो. आठ दिवसानं या."

बंद पडलेला माग मी चालू केला, या आनंदात मी बाहेर पडलो. ते सूत जाड आहे हे मला दिसत होते. पण जाड सूत आणि बारीक टोके यांचा काही संबंध असतो, हे डोक्यात आले नाही. पुस्तकी माणसाचे असेच असते.

आठ दिवस मी फिरलो. पोहरादेवीला गेलो, यात्रेचा काळ नव्हता म्हणून देवळापुढे सगळी शांतता होती आणि पुजाऱ्याला माझ्याशी बोलायला भरपूर वेळ होता. तिथून मंगरुळावरून मोटारीने वाशीम. मोटार दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा आम्ही उतारूंनी ती ढकलली. वाशीमला पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसलो, कचेरीपुढची गर्दी बघितली, बाजार हिंडलो. एका दुकानात जपानी कापडाचा तागा होता, जकात भरूनही देशीपेक्षा स्वस्त. हात लावून बघितला आणि चोरी केल्यासारखा काढून घेतला. भाकर सगळीकडे गोड लागली. घरी पत्र टाकले: उपरणे होत आहे, काळजी नसावी.

नवव्या दिवशी इंझोरीच्या गल्लीत शिरताच मागाचा आवाज कानी आला. मी खूश झालो. करीमभाई खड्ड्यात पाय सोडून शेवटचे चार बोट विणत होता. दोन्ही उपरणी माझ्यादेखत उतरली. काठ तांबडे, सरळ, एका रेषेत. अंग मात्र पंच्यासारखे. त्यात त्याचा दोष काडीचाही नव्हता. त्या सुताचे याहून चांगले कोणी केले नसते.

जैनबीने उपरण्यांची घडी फडक्यात बांधली आणि वरून एक गोफ आवळला. पांढरा, मऊ, चमकदार. माझी बोटे त्यावर थांबली.

"हा गोफ कशाचा?"

"बांधाले दुसरं काई नव्हतं जी," ती म्हणाली. "ते टोकं व्हते ना, त्याचाच वळला."

मी मागाकडे बघितले. फणी वेगळी होती, रुंद दातांची, दुसऱ्या गावाहून मागून आणलेली. फासांतून माझ्या सुताची जाड टोके लोंबत होती.

"तुमचं सूत त्या फनीत जात नाई," करीमभाई सावकाश म्हणाला. "अन् फासांची दुसरी जोडी होती, ते मागच्या साली विकली. एकच उरली, ते मोकळी करा लागली."

"मग मला सांगायचंत! मी ते सूत परत नेलं असतं!" माझा आवाज चढला. राग कुणावर होता ते मला तेव्हाही कळत होते.

"लग्नाचं सूत कोनी घरी आनलं तं विनकर परत धाडत नाई, मास्तर. आमच्यात तसं करत नाई. अन् तुमी तं पुन्याहून आनलं."

मी घाईघाईने म्हणालो, बारीक सूत मी धाडतो, कसेही करून मिळवतो, मुंबईला भाऊ आहे. करीमभाई हसला.

"धाडसान. जाड सूत तं मीनं कसंबसं ओवलं. पन बारीक ओवन कोन?"

जैनबी माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या आवाजाकडे. तिने उपरण्यांचे बोचके माझ्या दिशेने धरले होते आणि ते थोडे बाजूला गेले होते. "सुईतबी दोरा जात नाई आता," ती म्हणाली.

मला फार लाज वाटली. मी त्या अर्जाचा विषय काढला. तेव्हा तुम्ही विचारले होते आणि मी विचार न करता उत्तर दिले, असे काहीबाही बोललो.

"सही तं मीनंच केली," तो म्हणाला. "तुमी काई माहा हात नाई धरला. चाला, भाकर खाऊन घ्या." तुरीच्या दाण्यांची आमटी होती. मी जेवलो, आणि इतक्या चांगल्या आमटीची चव मला आज आठवत नाही.

परतीच्या वाटेवर सखारामाने पुन्हा काडी चिरली. या वेळी मला हसू आले नाही. कारंज्याचे कापसाचे ढीग तसेच होते. तिथे कुठेतरी हंगाम संपेपर्यंत करीमभाई कमरेइतका रुतून चालणार होता.

लग्न झाले. जावयाने उपरणे एकदा खांद्यावर घेतले. "करीमभाईचंच ना हे?" असे घरातून विचारणे झाले, आणि मी हो म्हणालो. गोफ मी माझ्या पेटीत ठेवला आहे. तो कशाचा आहे ते कुणाला सांगितले नाही. आज प्रथमच लिहीत आहे.

दामू लग्नाला आला होता. पाहुणे पांगल्यावर त्याने खिशातून एक कागद काढला. जपानी माल पुन्हा शिरला आहे, गिरणीत माणसे कमी करण्याचे चालले आहे, तेव्हा जकात आणखी वाढवावी असा अर्ज. "दादा, पहिली सही तुमची. तुमचं नाव असलं की बाकीचे करतात."

मी कागद वाचला. मग विचारले, "दामू, सूतही महाग होईल का रे?"

"आपल्या गिरण्या देतील की!" दामू म्हणाला.

त्याची तिन्ही पोरे अंगणात मांडवाच्या खांबांभोवती पळत होती. धाकट्याच्या अंगात नवा सदरा होता. मी दौत ओढली आणि सही केली. करीमभाईने केली तेव्हा त्याला काही ठाऊक नव्हते. मला सगळे ठाऊक होते.