मोज्यावरची मुंगी

मुंग्या ओळखणं हा माझा धंदा. कॉलेजातून निवृत्त झाले तरी दिलसुखनगरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप आहेच. कामवाली फरशी पुसताना विचारते, "अम्मा, चिंट्याँ कू क्या देखते जी दिनभर?"

गेल्या वर्षी आमचे हे गेले. त्याच्या थोडं आधी ते माझ्याबरोबर केरळच्या सदाहरित जंगलात आले होते. सरकारी कचेरीत जन्म काढलेला माणूस, जळवांना शिव्या घालत चालत होता. त्यांनीच आपल्या मोज्यावरून एक मुंगी उचलून कुपीत टाकली. म्हणाले, "बघ, तुझ्या कामाची आहे का."

ती कुपी मी ते गेल्यावर उघडली. मुंगी टाचणीला खोचलेल्या कागदी त्रिकोणाच्या टोकाला चिकटवली. डोकं अवाढव्य, मागून खाचलेलं. बाकी अंग त्यामानाने किरकोळ. कुठल्याच वर्णनाशी जुळेना. मग मनाने घेतलं, ही नवी जात आहे आणि हिला त्यांचंच नाव द्यायचं. संसारभर मी "अहो"वर भागवलं होतं. नाव घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात, तेवढंच. आता ते छापलं जाईल, आमच्यानंतरही राहील. रोज थोडं थोडं वर्णन लिहायचे: कंबरेच्या गाठी, डोक्यावरच्या रेघा, मिशांचे भाग. त्या दिवसांत घर खायला उठत नसे.

मग त्याच जंगलातून माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला; तिला मी मुंगीचा फोटो पाठवून ठेवला होता. "मॅडम, तुमची मोठ्या डोक्याची सापडली. एकाच ओंडक्यात, बारक्या मुंग्यांबरोबर. फोटो पाठवलेत." ती बारकी जात केव्हाचीच नोंदलेली. माझी नवी मुंगी तिच्याच वसाहतीतली शिपाई, म्हणजे राखण करणारी मोठ्या डोक्याची बहीण निघाली. एका घरातले दोन आकार म्हणजे दोन जाती समजायच्या, ही आम्हा मुंगीवाल्यांची नेहमीची ठेच. विद्यार्थ्याने खाल्ली असती तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. एकच मुंगी हाती असताना थांबावं, हे मला कळत नव्हतं थोडंच? मला थांबायचं नव्हतं. मी टेबलाशी बसून रडले.

दुसऱ्या दिवशी वर्णन पुसून टाकलं आणि मुंगीला तिचं जुनंच नाव लावलं. टाचणीखालच्या चिठ्ठीवर ठिकाण लिहिलं. गोळा करणाऱ्याचं नावही लिहावंच लागतं, ते लिहिलं. बारीक अक्षर लागतंय का म्हणून मोठ्याने वाचून पाहिलं. या घरात मी त्यांना नावाने हाक मारली ती अशी, पहिल्यांदाच. मग उगाच थोडा वेळ थांबले. आतून ओ आली नाही.