सॅन्टनचं पावरहाऊस आणि उंबराचं पाणी

सॅन्टनला बसायला सांगितलं की तो उठायचा. असं त्याची बायको मटिल्डा म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जेवताना तो एक गुडघा उभा ठेवूनच बसे. रविवारच्या मिस्सेला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दाराजवळ उभा राही. कुणाच्या ओटीवर गेला तर चहा येईपर्यंत दोनदा अंगणात जाऊन येई. कारण एकच. भुईगावच्या अलीकडे, मधल्या आळीत, बावखलाच्या काठावर पावरहाऊस होतं आणि ते सॅन्टनच्या हातात होतं.

बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं खोदलेलं तळं. त्याच्या पाझरावर आजूबाजूच्या वाड्यांतल्या विहिरी जगत. या बावखलाच्या एका अंगाला सॅन्टनच्या वडिलांची वाडी आणि विहीर होती. वडिलांच्या मागे वाडी थोरल्या वॉल्टरने सांभाळली आणि सॅन्टन मुंबईच्या एका गिरणीत इंजिनखात्यात तेल घालायला लागला. स्वातंत्र्याच्या सुमारास तो परत आला. तेव्हा शाळेचे युजीन मास्तर आळीची सोसायटी काढून एक जुनं गॅसचं इंजिन आणायच्या खटपटीत होते. इंजिन आलं, पण ते चालवणार कोण? सॅन्टन म्हणाला, बघतो. ते बघणं त्याला जन्माचं चिकटलं.

इंजिनाला तेल लागत नसे. तुंगारच्या डोंगरातून गाड्या भरून लोणारी कोळसा येई. तो भट्टीत कोंडून पेटवायचा, खालून थोडी वाफ सोडायची, की जाळाऐवजी गॅस निघे. तो टाकीतल्या पाण्याने धुऊन इंजिनात घ्यायचा. दिवसा इंजिनाचा पट्टा भाताच्या गिरणीला लागे, संध्याकाळी डायनॅमोला. आळीतल्या बायकांनी मुसळं माळ्यावर टाकली. देवळात, शाळेत, घराघरांत दिवे आले. सॅन्टनची थोरली मुलगी इझाबेल त्याच दिव्याखाली अभ्यास करून व्हर्नाक्युलर फायनल पास झाली, आणि तिला नंदाखालचं चांगलं स्थळ आलं तेही थोडंफार दिव्यामुळेच. मुलाचा बाप सेबेस्टियन पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याची मान वर ती वरच.

"आमच्याकडे कंदील," तो म्हणाला, "आनि तुमच्या म्हशीच्या गोठ्यातसुद्धा बल्ब. लग्न इकडच्या उजेडात दिसलं पायजे हां, सॅन्टनभाऊ. मी सगळ्या सोयऱ्यांना सांगून ठेवनार."

लग्न ईस्टरनंतरच्या तिसऱ्या रविवारचं ठरलं.

अडचण होती ती धुण्याच्या पाण्याची. गॅस धुतला की टाकीतलं पाणी काळं होई, त्यावर डांबराचा तवंग येई आणि वास असा की नाक धरावं. आधी ते पिंपांतून गाडीवर घालून खाडीत नेऊन ओतत. बैल दमत, माणसं कुरकुरत. मग एक दिवस वॉल्टर टाकीपाशी उभा राहून म्हणाला, "हे खाडीत टाकता? येडे काय तुमी?"

"मग काय करायचं, दादा?"

"माझ्या पाटात सोड. वास मारतो म्हंजे खत. मासळीचा कुटा काय अत्तराचा वास मारतो? जितकी घान जास्ती तितकी केळ जाड."

वसईच्या कुठल्याही बागायतदाराला हे पटलं असतं. सडलेली मासळी, कुजलेली पेंड, गोठ्याची घाण, यांवरच तर वाड्या पोसलेल्या. सॅन्टनलाही पटलं. टाकीच्या तळाचं भोक वॉल्टरच्या पाटाला जोडलं आणि खाडीची गाडी बंद झाली. पहिल्या पावसाळ्यानंतर केळी अशी तरारली की वॉल्टर आल्यागेल्याला पानं दाखवत फिरायचा.

मग ख्रिसमसनंतर कडेची केळी पिवळी पडू लागली. वॉल्टर म्हणाला, रोग आहे. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मधल्या ओळीचे गाभे नासले. वॉल्टर म्हणाला, हवा बदलली. सॅन्टनच्या पायांना चैन पडेना. इंजिन सोडून तो वाडीत जाई, पाटाच्या कडेची माती उकरून बघे, परत इंजिनाकडे पळे. विहिरीतून पोहरा काढी, ओंजळीत पाणी घेऊन हुंगे. वास येई. पण वास त्याच्या हातांनाच होता, केसांना होता, अंथरुणाला होता. पाण्याला आहे की आपल्याला, हे त्याला कळायचं कसं?

"जरा बघ गं, पान्याला वास येतो काय?" त्याने मटिल्डाला विचारलं.

"तुमच्याशी लग्न करून नाक राहिलंय कुठं मला?" ती म्हणाली आणि मसाला कुटायला बसली.

शेजाऱ्यांना विचारलं तर कुणी म्हणे उन्हाळ्यात पाणी खाली जातं, असं होतंच. कुणी नुसतं हसे. जो तो तोंडात मूग धरून होता. पाण्याला वास आहे म्हटलं तर दिवा जाईल, गिरणी जाईल, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. सॅन्टनलाही ठाऊक होतं. म्हणूनच तो विचारत सुटला होता, आणि कुणीतरी 'नाही' म्हणावं म्हणूनच विचारत होता.

ईस्टरच्या मंगळवारी वॉल्टरने म्हैस रहाटाला जुंपली. पाळी संपल्यावर तिला डोणीतलं पाणी दाखवलं. म्हशीने नाक लावलं, फुरफुरली आणि तोंड फिरवलं. वॉल्टरने तिची मान धरून खाली दाबली. तिने डोण पायाने उलटी केली.

"रुसलीय," वॉल्टर म्हणाला.

"दादा, म्हैस लग्नात रुसत नाय. मानसं रुसतात."

"मग काय म्हननं हाय तुझं? माझ्या केळीनं विहीर नासवली?"

"तुझ्या केळीनं नाय. माझ्या पान्यानं."

वॉल्टर रहाटाच्या आडव्या लाकडाला टेकून उभा राहिला. म्हणाला, "मीच मागितलं होतं ना ते पानी?" आणि म्हशीला घेऊन निघून गेला. आपलेच दात, आपलेच ओठ. सॅन्टनला त्याच्यावर रागवताही येईना.

आता लग्न दोन आठवड्यांवर आलेलं. आणि लग्नाला उंबराचं पाणी लागतं. आदल्या शनिवारी बायका कळशा घेऊन, वाजंत्री लावून, गाणी म्हणत नवरीच्या घराण्याच्या विहिरीवर जातात, कठड्यावर मेणबत्ती लावतात आणि नवरीला न्हाऊ घालायचं पाणी वाजतगाजत आणतात. सॅन्टनची आई याच विहिरीच्या पाण्याने न्हालेल्या नणंदांची गाणी म्हणायची. त्या पाण्याने इझाबेलला कसं न्हाऊ घालायचं? आणि दिवसभर तेच पाणी सगळं घर पीत होतं, त्याचं काय?

रविवारी मिस्सेनंतर तो शाळेत युजीन मास्तरांसमोर उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"इंजिन बंद करावं लागेल, मास्तर."

मास्तरांनी चष्मा काढला. "आत्ता? तुझ्याच मुलीचं लग्न आहे सॅन्टन. होऊन जाऊ दे, मग खाडीची गाडी परत सुरू करू."

"तोवर आनखी पानी मुरेल."

"पंधरा दिवसांनी काय मोठं होणार आहे? आळीतली निम्मी लग्नं यंदा आहेत. बायकांचं भात गिरणीत पडलंय. मी त्यांना काय सांगू? सॅन्टनला वास येतो म्हणून सांगू?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मी दारोदार फिरून ही सोसायटी उभी केली. एकदा बंद पडलेलं इंजिन परत सुरू करायला लोक येत नाहीत रे."

हेही खरं होतं. सॅन्टन घरी आला, मागच्या अंगणात गेला, पुढच्या अंगणात आला. इझाबेल ओटीवर तांदूळ निवडत होती.

"बाय," तो म्हणाला, "आपल्या विहिरीचं पानी तुला कसं वाटतं?"

ती खाली मान घालून निवडतच राहिली. "मी आनि आत्या कधीपासून मास्तरांच्या विहिरीचं आनतोय प्यायला, बाबा. आईला म्हटलं, तिकडचं गोड लागतं."

"मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी इंजिन बंद केलं असतं. आनि त्या लोकांना उजेडातलं लग्न पायजे होतं."

सॅन्टन दुसऱ्या दिवशी सायकलवर टांग टाकून नंदाखालला गेला. सेबेस्टियन पानवेली सुंभाने बांधत होता. सॅन्टनने उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. दिवा नसेल. विहीर नासलीय. सोयरीक मोडायची तर आताच सांगा.

सेबेस्टियनने हातातला सुंभ तोंडात धरून गाठ मारली. मग म्हणाला, "सोयऱ्यांना सांगून बसलो होतो मी. माझं तोंड काळं केलंत ना."

"केलं."

"आता पेट्रोमॅक्स कोनाकडे मागू? बरं, ते बघीन मी. पन पान्याचं काय? आमच्या विहिरीचं न्या म्हटलं, तर बायका म्हनतील नवरी लग्नाआधीच सासरच्या पान्यानं न्हाली. आमच्याकडच्या बायका म्हंजे..." त्याने तोंडातला सुंभाचा धागा थुंकला. "ते तुमचं तुमी बघा. पोरगी मात्र आमची."

परत येताना सॅन्टन सायकलवर बसलाच नाही. तो ती ढकलतच आला. आणि सरळ पावरहाऊसमध्ये जाऊन भट्टीचं दार उघडून निखारे बाहेर ओढले. गिरणीचा पट्टा सुटला तेव्हा आत भात घेऊन बसलेल्या बायका बाहेर आल्या. कुणी काय म्हणाली, कुणी काय. मटिल्डाला कळलं तोवर सॅन्टन घरी आला होता. माळ्यावर चढून तिने मुसळ खाली टाकलं, आणि ते सॅन्टनच्या पायाशी पडलं.

"लग्नाचं भात कांडायचंय," ती वरूनच म्हणाली. "एक टोक तुमी धरा."

लग्नापर्यंतचे दिवस सॅन्टनने भात कांडण्यात आणि पाट बुजवण्यात घालवले. दोन्ही कामं सोडून सारखा रिकाम्या इंजिनाकडे जाई, चाकाला हात लावी, परत येई. आळीत त्याच्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं. अंधार पडला की घराघरांतून कंदील पुसल्याचे आवाज येत आणि त्यासोबत काही शब्दही येत, ऐकू यावेत म्हणूनच बोललेले.

शनिवारी दुपारनंतर वाजंत्री दारात आली. इझाबेलची धर्ममाता लुईझा डोक्यावर कळशी घेऊन पुढे झाली, बायकांनी गाणं उचललं आणि मिरवणूक निघाली. कुठल्या विहिरीवर जायचं हे कुणी विचारलं नव्हतं. पाय आपोआप घराण्याच्या विहिरीकडे वळले. सॅन्टन मागे चालत होता. पावरहाऊस बंद केलं, व्याह्याला सांगितलं. पण इतक्या माणसांसमोर, आपल्या बापाच्या विहिरीचं पाणी नासलं, असं वाजंत्री थांबवून म्हणायचं?

लुईझाने मेणबत्ती लावली. पोहरा सोडला. भरलेली कळशी कठड्यावर ठेवली तशी दोघी-तिघींनी पदर नाकाला लावला आणि लगेच खाली घेतला. गाणं चालूच राहिलं.

सॅन्टन पुढे झाला. त्याने कळशी उचलली आणि जमिनीवर ओतली.

क्लॅरिनेट मधेच तुटलं. "अरे," लुईझा म्हणाली, "असं करतात?"

"या पान्यानं माझ्या पोरीला न्हाऊ घालायचं नाय," सॅन्टन म्हणाला. त्याचा आवाज फार बारीक निघाला. "ही विहीर आमी बिघडवली. कुनीही यातलं पिऊ नका. आज पिऊ नका, उद्याही नको."

सगळ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काहींना वाटलं होतं, निदान आज तरी तो गप्प बसेल. गर्दीच्या कडेला वॉल्टर उभा होता. थोरला म्हणून विहिरीचा मान त्याचा. तो येऊन भावाच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्यामुळं बिघडली. आता उभ्या काय ऱ्हायलात? मास्तरांच्या विहिरीवर चला. त्यांचं फाटक बंद असंल तर मी उघडून घेतो."

फाटक बंद नव्हतं. युजीन मास्तर ओटीवर बसले होते. वाजंत्री आपल्याकडे वळलेली पाहून ते उठले, चपला शोधू लागले, सापडेनात म्हणून अनवाणीच विहिरीपाशी गेले आणि त्यांनी स्वतः पोहरा सोडून दिला. सॅन्टनकडे त्यांनी पाहिलं नाही. लुईझाच्या कळशीत पाणी पडलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "शाळा शिकली पोरगी, मास्तरांच्या पान्यानंच न्हाऊ दे," आणि बायका हसल्या. त्या हसण्यात थोडं बोचणारंही होतं.

लग्न पेट्रोमॅक्सच्या उजेडात झालं. सेबेस्टियनने ते कुठून कुठून आणले होते, आणि त्यांतला एक सारखा भकभकत होता. नवरानवरीसमोर उभा असलेला सॅन्टन दर वेळी त्याच्याकडे वळायचा. शेवटी मटिल्डाने त्याची बाही धरून ठेवली.

सोमवारी सकाळी, पाहुणे अजून ओटीवर पसरलेले असताना, युजीन मास्तर आले.

"लोक विचारतात, कधी सुरू होणार."

"खाडीपर्यंत पक्की गटार झाली की."

"पिंपांची गाडी लावू की."

"गाडी परत थकेल मास्तर. मग परत कोनीतरी म्हनेल, माझ्या पाटात सोड."

"आणि गटार कोण खणणार?"

सॅन्टनने वाडीकडे पाहिलं. वाडीच्या टोकाला वॉल्टर सकाळपासून फावडं घेऊन उभा होता. त्याने आपल्या मेलेल्या केळींची एक ओळ उपटून खाडीच्या दिशेने दोरी लावली होती. सॅन्टनने लग्नाचा कोट काढून कुंपणावर टाकला आणि तो दोरीच्या दुसऱ्या टोकाला गेला. मास्तरांनीही सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

दोरी पुढे चार जणांच्या वाड्यांतून जात होती. त्यांना अजून विचारायचं होतं.