पंधरा दिवस घरचा माणूस

आमचे हे तीन वर्षांनी आफ्रिकेतून घरी आले, त्या दिवशी आमचं अर्धं वळ गाव आमच्याकडे जेवलं आणि उरलेलं अर्धं चहाला येऊन गेलं. ह्यांना दोन महिन्यांची रजा होती. ती संपायच्या आत तिकडच्या गिरणीला पत्राने कळवायचं होतं, आणखी तीन वर्षांसाठी येतो किंवा आता येत नाही.

हे भिवंडीत लूमचे मिस्त्री होते. कारखान्याच्या दारात उभे राहून नुसत्या आवाजावरून कोणता माग बिघडलाय ते सांगायचे. टांझानियातल्या एका कापडगिरणीला असाच माणूस हवा होता, म्हणून हे गेले. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. सासूबाईंच्या तोंडात टांझानिया काही बसेना. त्यांनी त्याचं ‘टांझण’ केलं. पडघ्याच्या बाजारातही त्या माझा पोरगा टांझणला हाय म्हणून सांगायच्या, आणि ऐकणाऱ्याला ते कर्जतच्या पलीकडचं एखादं गाव वाटायचं. दोन-तीन जणांनी तिकडे एस.टी. जाते का, असंही विचारलं होतं.

हे आले तसे सल्ले देणारेही आले. त्यांत आमचे एक चुलत सासरे होते. शेजारीच राहायचे आणि आमच्या ओट्यावर बसायचे. कल्याणच्या पुढे ते कधी गेले नव्हते. सकाळी ते ह्यांना समजवायचे की परदेशातली नोकरी सोडणं म्हणजे येडेपणा. संध्याकाळी तितक्याच कळकळीने सांगायचे की म्हाताऱ्या आईला टाकून जाणं बरं नव्हं. एकदा ह्यांनी विचारलं, काका, नक्की काय करू? त्यावर ते म्हणाले की मी दोन्ही बाजू सांगतोय, ठरवायचं तू.

ह्यांनी मनातल्या मनात ठरवलंच होतं. ह्यांना राहायचं होतं. आणि आता सांगायला हरकत नाही, मला वाटत होतं ह्यांनी जावं.

याचा अर्थ माझं ह्यांच्यावर प्रेम नव्हतं असा कुणी काढू नये. पण तीन वर्षांत माझी घडी बसली होती. सकाळी पाणी, मग स्वयंपाक, मग खिडकीखाली रहाट घेऊन बसायचं आणि कारखान्यातून आलेल्या सुताच्या कांड्या भरायच्या. मागाच्या धोट्यात घालायच्या त्या कांड्या. दुपारी जेवण झालं की पुन्हा रहाट. मधे मधे कुणी चहा मागायचं नाही. शिवाय पत्रातला नवरा मला फार आवडायला लागला होता. तो विचारायचा, तुझी पाठ कशी आहे, तू वेळेवर जेवतेस का. घरी आलेला नवरा विचारत होता, टॉवेल कुठे आहे. टॉवेल त्याच खिळ्याला होता, आमच्या लग्नाच्या आधीपासून.

ह्यांना घर स्वर्गासारखं वाटत होतं यात नवल नव्हतं. ह्यांचा पाहुणचारच तसा चालला होता. खाडीतला जिताडा मासा आणला की मधला तुकडा ह्यांना. कपडे धुऊन, घड्या घालून उशाशी. आमच्या मुलीला, कुणी मोठं माणूस दारात आलं की तांब्याभर पाणी आणून द्यायचं, असं शिकवलं होतं. ती ह्यांनाही पाणी आणून द्यायची. हे परसात जाऊन आले तरी पाणी. पहिल्या आठवड्यात हे इतकं पाणी प्यायले की बिचारे पुन्हा परसात जायचे आणि पुन्हा पाणी यायचं. नको म्हणायचा धीर ह्यांना होत नव्हता, कारण पोरगी तेवढ्याचपुरती जवळ यायची.

शेवटी एका दुपारी मी ह्यांना म्हटलं की तुम्ही इथे राहायचं म्हणताय, पण अजून इथे राहिलाच नाही आहात, नुसते आला आहात. पंधरा दिवस, कायमचे परत आल्यासारखे राहून बघा. मग ठरवा. ह्यांना ते एकदम पटलं. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. तीन वर्षांनी पोरगा आलाय आणि ही कसली परीक्षा घेते म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच ह्यांना उठवून हातात रॉकेलचा डबा दिला. गेली तीन वर्षं रॉकेलच्या रांगेत त्याच उभ्या राहत होत्या.

हे अकरा वाजता डबा घेऊन परत आले आणि ओट्यावर बसून राहिले. मी आतून बघत होते. ते पाण्याची वाट बघत होते. पण मुलीला मी सांगून ठेवलं होतं की बाबा आता पाहुणे नाहीत. पंधरा मिनिटांनी ते स्वतः उठून माठाकडे गेले. रात्री जिताड्याचा मधला तुकडा सासूबाईंनी नातीच्या पानात घातला. ह्यांच्या वाटणीला शेपटीकडचा आला. ह्यांनी तुकड्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि जेवले.

मग भात झोडायचं निघालं. हे शेतकऱ्याचेच, पण हात मिस्त्रीचे झालेले. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले. चुलत सासऱ्यांना ते दाखवायला गेले, तर त्यांनी आपले तळहात दाखवले आणि विषयच संपला. झोडताना शेजारचा गडी घाई करायला लागला की हे त्याला ‘पोले पोले’ म्हणायचे. टांझानियातल्या भाषेत त्याचा अर्थ सावकाश. त्या गड्याला वाटलं आपल्याला पोळ म्हणतायत, मोकाट बैल. दोन दिवस तो ह्यांच्याशी बोलला नाही.

सहाव्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून भिवंडीला जुन्या शेठकडे काम विचारायला गेले. शेठने उठून हात मिळवला, खुर्ची दिली, थंडा मागवला, आणि तासभर आफ्रिकेची माहिती विचारली. तिथे सिंह रस्त्यात येतात का, बायका काय घालतात, सगळं. मग ह्यांनी कामाचं काढलं. शेठ हसायला लागले. ‘मिस्त्री, तुम तो अब फॉरेन के आदमी हो गये,’ म्हणाले. ह्यांनी खरंच काम हवंय म्हटल्यावर शेठने एका माणसाला बोलावलं. ह्यांनीच त्याला काम शिकवलं होतं. आता तो तिथला मोठा मिस्त्री होता. शेठ त्याला म्हणाले, इनको कहीं लगा सकते हो क्या, देखो. तो माणूस बिचारा इतका लाजला, की ह्यांच्यापेक्षा त्यालाच जास्त वाईट वाटलं असावं. बघतो म्हणाला.

त्या दिवसापासून ह्यांच्या बोलण्यात ‘आमच्याकडं’ सुरू झालं. आमच्याकडं लाईट जात नाही. आमच्याकडं शिफ्ट संपली की भोंगा होतो आणि माणूस घरी जातो. आमच्याकडं कपडे धुवायला माणूस असतो. पहिल्यांदा मला वाटलं वळबद्दल बोलतायत, म्हणून मी म्हटलं, आपल्याकडं कुठं असतो? मग कळलं की ‘आमच्याकडं’ म्हणजे टांझण.

अकराव्या दिवशी मी विहिरीवरून आले तर रहाट खिडकीखाली नव्हता. ह्यांनी तो उचलून कोपऱ्यात नेला होता, कारण तिथे जमीन सपाट आहे. एवढंच करून थांबले नव्हते. माझी जुनी दोरी काढून नवी ताणून बसवली होती, चाकाला तेल घातलं होतं, कांडी अडकवायच्या चात्याच्या जागी काहीतरी घासून बारीक केलं होतं. मोठ्या आनंदाने मला म्हणाले, बसून बघ, आता दुप्पट कांड्या होतील. मी बसले आणि एक फेरा दिला. सूत तुटलं. जोडलं, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा तुटल्यावर हे मला सांगायला लागले की माझा हातच चुकतोय.

तिथून जे भांडण सुरू झालं ते भाकऱ्या थापायची वेळ टळून गेली तरी चाललं होतं. त्याआधीच्या तीन वर्षांत आम्ही भांडलोच नव्हतो, कारण पत्रातून भांडता येत नाही. मी रागाने काही लिहावं, तर उत्तर यायला महिना-सव्वा महिना लागायचा. तोपर्यंत मी कशावरून चिडले होते तेच मला आठवायचं नाही आणि हे मात्र चार पानं खुलासा करायचे. त्यामुळे रहाटावरून सुरू झालेलं भांडण हळूहळू मागे मागे गेलं. एका पत्रात ह्यांनी माझ्याआधी म्हशीची चौकशी केली होती, ते निघालं. ह्यांनी पाठवलेलं कापड मी सासूबाईंना का दिलं, ते निघालं. सासूबाई दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी टोपली जरा आत ओढून घेतली, म्हणजे नीट ऐकू यावं.

मग ह्यांनी विचारलं की गेल्या पावसाळ्यात दोन महिने तुझं पत्र का नव्हतं. मी म्हटलं, टायफॉइड झाला होता.

हे म्हणाले, कळवलं का नाहीस.

‘कळवून काय झालं असतं? पत्र पोचेपर्यंत एकतर मी बरी झाले असते, नाहीतर मेले असते.’

हे खाली बसले, तिथेच रहाटाशेजारी. मग म्हणाले की मलाही मलेरिया झाला होता, एकदा नाही, दोनदा. एकदा तर आठ दिवस दवाखान्यात होतो. त्या आठ दिवसांतलं एक पत्र मला आठवत होतं. त्यात ह्यांनी तिथले आंबे किती गोड आहेत ते लिहिलं होतं.

त्या दिवशी जेवायला तीन वाजले. आणि त्या दिवशीच माझं मन फिरलं. हा माणूस आंब्यांबद्दल लिहील आणि मी घडी बसलीय म्हणून खूश राहीन, हे मला पटेना. रात्री मी ह्यांना म्हटलं, तुम्ही राहा.

तर हे म्हणाले, मी जायचं ठरवलंय.

ह्यांच्या मनाने अकरा दिवसांत उलटी वाट धरली होती. इथे माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही म्हणाले. रॉकेल आईच आणू शकते, भात शेजारी झोडतो, माझ्या हाताखाली शिकलेल्याच्या हाताखाली काम करू? तिथे निदान चार माणसं मला विचारून काम करतात. अकरा दिवसांपूर्वी असलीच कारणं माझ्या मनात होती. आणि आता मी ह्यांना सांगत होते की म्हातारी आई आहे, पोरगी मोठी होतेय, पैशापलीकडेही काही असतं. ही सगळी ह्यांची वाक्यं होती. आम्ही एकमेकांची बाजू घेऊन पुन्हा जोरात भांडायला लागलो, तेव्हा सासूबाई अंथरुणावरून म्हणाल्या,

‘भांडायचंच हाय तर तुमी दोघां टांझणला जा. मना झोप तरी लागंल.’

पुढचे चार दिवस तो विषय कुणी काढला नाही. हे भात झोडायला जात होते. शेजारच्या गड्याला ‘पोले पोले’चा अर्थ समजावून झाला होता आणि आता तोच ह्यांना घाई करू नका म्हणून ‘पोले पोले’ म्हणत होता. तेराव्या दिवशी मी बाजारातून आले तर रहाट परत खिडकीखाली होता. माझी जुनी दोरी बसवलेली होती. तेल मात्र तसंच ठेवलं होतं आणि चातं आधीपेक्षा हलकं फिरत होतं. कांड्या खरंच जास्त होत होत्या. ते मी ह्यांना महिनाभर सांगितलं नाही.

पंधराव्या दिवशी जेवण झाल्यावर ह्यांनी विचारलं, ‘आता तू सांग. जाऊ की राहू?’

‘राहा. पण रहाटाला हात लावायचा नाही.’

ह्यांनी मान डोलावली. मग जरा थांबून म्हणाले, शेपटीकडचा तुकडा एकाआड एक दिवस तरी दुसऱ्या कुणाला द्या. ते सासूबाईंनी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी नकाराचं पत्र लिहिलं. मी टाकते म्हटलं, तर नको म्हणाले, स्वतः भिवंडीच्या पोस्टात टाकून आले. आठ दिवसांनी पोस्टमनने ते पत्र आमच्या दारात आणून दिलं. ह्यांनी ते अंतर्देशीयवर लिहिलं होतं. तीन वर्षं तिकडून इकडे पत्रं पाठवली होती, पण इकडून तिकडे पाठवायची ह्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. पोस्टमन म्हणाला, साहेब, हे भारतातल्या भारतात जातं.

पत्र हातात घेऊन हे ओट्यावर उभे राहिले. त्या आठ दिवसांत ह्यांचं भिवंडीत काम सुरू झालं होतं, त्या शिकवलेल्या मिस्त्रीच्या हाताखालीच, आणि आदल्याच दिवशी शेठ ह्यांच्यावर ओरडले होते. मला वाटलं, आता पुन्हा पंधरा दिवस. पण ह्यांनी एवढंच विचारलं की तुझ्याकडे परदेशी पत्राचा कागद आहे का. माझ्याकडे चार शिल्लक होते. ह्यांनी तोच मजकूर उतरवून काढला. पत्ता मी लिहिला, कारण तो मला पाठ होता.

ह्यांनी तो वाचला आणि म्हणाले, गावाचं स्पेलिंग चुकलंय. मी तीन वर्षं तसंच लिहीत होते आणि माझं एकही पत्र हरवलं नव्हतं. पण हे मिस्त्री. चुकलेलं दिसलं की ह्यांच्याने राहवत नाही. ह्यांनी खोडून अचूक स्पेलिंग लिहिलं. ते पत्र पोचायला अडीच महिने लागले. मधल्या काळात गिरणीची तार आली, अजून का आला नाहीत म्हणून, आणि चुलत सासऱ्यांनी ती सकाळीच वाचून घेतल्यामुळे, त्यांच्या सकाळच्या सल्ल्याप्रमाणे, ह्यांना ताबडतोब निघायला सांगितलं.