आधी उघडा चेहरा

मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, चित्रं वाचायला बसल्या की डॉ. मानकर मॅडम पडदे ओढायच्या, मोबाइल पालथा ठेवायच्या आणि मला माझा प्रोग्राम बंद करायला लावायच्या. अंधुक चित्र उजळून त्यातली खरखर, म्हणजे नको असलेले ठिपके, काढणारा तो प्रोग्राम मीच लिहिला होता, आणि मला त्याचा कोण अभिमान! मॅडम म्हणायच्या, “मले आधी उघडा चेहरा पाहू दे रे पोट्ट्या, मंग लाव तुही पावडर.” आधी कच्चं चित्र, मग उजळलेलं, हा त्यांचा नेम होता.

साठीच्या मॅडम चौबे कॉलोनीत एकट्या राहायच्या. तोंडाने फटकळ, पण डब्यातली एक पोळी रोज माझ्यापुढे सरकवायच्या. “खाऊन घे. उपाशी डोक्यानं काही सुचत नाही.”

त्या वर्षी बीरगांवला कामगार बायकांचं तपासणी शिबिर झालं आणि चित्रांचा ढीग येऊन पडला. प्रत्येक चित्र दोनदा पाहत बसलं तर रिपोर्ट कधी द्यायचे? मी मॅडमच्या मागे भुणभुण लावली, एवढ्या वेळेपुरतं नुसतं उजळलेलंच पाहा. त्या थकल्या होत्या. “हव, कर बाबा,” म्हणाल्या. मी कच्ची चित्रं त्यांच्या पडद्यावरून काढून टाकली.

आठ महिन्यांनी त्या शिबिरातली फूलबाई परत आली. तिचा रिपोर्ट स्वच्छ होता, खाली मॅडमची सही होती, आणि आता स्तनाबरोबर काखेतही गाठी आल्या होत्या. मॅडमनी तिचं जुनं कच्चं चित्र उघडायला लावलं. एका कोपऱ्यात रव्यासारखे बारीक पांढरे कण होते. कॅन्सरची पहिली खूण कित्येकदा तीच असते. माझ्या प्रोग्रामने ती खरखर समजून पुसून टाकली होती.

“मॅडम, चूक माझी आहे.”

“रिपोर्टवर सही कोनाची हाय?” एवढंच बोलून त्या उठल्या.

बाहेर बाकावर फूलबाईशेजारी बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आप मन त देखे रहेव न, मैडम?” तुम्ही तर पाहिलं होतं ना?

“नइ देखे रहेंव,” मॅडम तिच्याच बोलीत म्हणाल्या. नव्हतं पाहिलं.

मग शिबिरातलं प्रत्येक कच्चं चित्र त्यांनी पुन्हा पाहिलं आणि आणखी दोघींना बोलावून घेतलं. त्या दोघी वाचल्या. फूलबाई दिवाळीआधीच गेली. मॅडमनी काम सोडलं आणि त्या यवतमाळला बहिणीकडे निघून गेल्या. जाताना माझ्यावर एका शब्दानेही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता कच्चं चित्र पाहिल्याशिवाय माझा प्रोग्राम पुढे सरकत नाही. नवे डॉक्टर कुरकुरतात, “भैया, ये हटा दो न, टाइम जाता है.” मी हटवत नाही.

पण फूलबाईने विचारलं तेव्हा मी त्या बाकामागेच उभा होतो. पुसणारा मी होतो. मॅडम उत्तर देत होत्या आणि मी खाली मान घालून गप्प राहिलो.