पोखर्णीच्या जत्रेतलं काश्मीर

एसटीनं वळण घेतलं आणि मला हिमालय दिसला.

मिनू, अजय, आजीला ऊन लागलं असं समजू नका. वैशाखातली दुपार होती. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, बांधावर एखादी बाभूळ, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, नरसिंहाच्या देवळापासून थोडं अलीकडे, आकाशपाळण्याशेजारी पांढरी शुभ्र शिखरं उभी होती. गाडीतली सगळी माणसं त्या बाजूच्या खिडक्यांकडे झुकली, तेव्हा कंडक्टर ओरडला, "आरं, गाडी पाडता का?"

माझ्या शेजारी झरीच्या कौसाबाई बसल्या होत्या. परभणीच्या स्टँडवर आमची ओळख झाली होती. सुनेला घेऊन त्या देवाला निघाल्या होत्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"बाई, ते काय हाय ओ?"

"काश्मीर आहे," मी म्हटलं.

"आगं बया! मंग आपलं तिकीट लय सवंग पडलं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्या इतक्या हसल्या, की पुढच्या बाकावरची माणसंही हसायला लागली.

तुमच्या मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत, की तिकडच्या मोठ्या करमणूक-बागेत एक अख्खी नवी नगरी उघडली, आणि अशी नगरी कधी उघडावी, कुठली चालते, कुठली पडते, यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने लिहून आले. ते वाचून मला मौज वाटली होती. पण त्याच आठवड्यात चंद्रकलेचा निरोप आला, आणि हाच प्रश्न आपल्या परभणी जिल्ह्यात, माझ्या डोळ्यांसमोर सुटणार आहे हे कळलं. मग मी कशाला घरी बसते? पिशवीत पाण्याची बाटली, छत्री, धपाटे आणि एक जादा रुमाल घातला आणि निघाले.

चंद्रकला माझी विद्यार्थिनी. लग्न करून ती फिरत्या जत्रेच्या घरात पडली. आकाशपाळणा, घोड्यांचं चक्र, आरशांचा तंबू असं सगळं घेऊन तिचं सासर गावोगावच्या जत्रा करतं. पण हिला त्या जुन्या खेळांत समाधान नव्हतं. माणसानं तंबूत शिरावं आणि दुसऱ्याच मुलखात निघावं, असं तिच्या डोक्यात होतं. माणूस चंद्रावर उतरल्यावर तिनं 'चंद्रलोक' उभारला होता. पण तो उघडला नेमका दुष्काळात. "बाई, लोक तंबूत येऊन वर बघायचे आणि विचारायचे, चंद्र हाय, मग ढग कुठंयत?" असं तिनंच मला नंतर सांगितलं होतं. तो चंद्रलोक गुंडाळावा लागला. आता ही तिची दुसरी नगरी.

गाडीतून उतरताच धुळीनं आणि ढोलांच्या आवाजानं मला दोन्हीकडून धरलं. भेळ, रेवड्या, पितळी घंटा, लाकडी बैल, बांगड्यांचे ढीग, आणि सगळ्यावर वैशाखाचं ऊन! आधी देवदर्शन केलं. कौसाबाई आणि सून देवळातच बसल्या. मी जत्रेकडे वळले.

चंद्रकला धावत आली. पदर खोचलेला, हाताला निळा रंग, आणि पायांत रबरी बूट. पाटबंधाऱ्याच्या कामावर चिखलात घालतात ना, तसले.

"बाई, आलात! आधी जेवा. मग काश्मीर."

तंबूच्या मागे तिच्या सासऱ्यांबरोबर पंगत झाली. ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी) आणि कांदा. गणपतदादा, म्हणजे सासरे, पांढऱ्या मिशांचे, मोकळ्या आवाजाचे गृहस्थ आहेत. जेवता जेवता त्यांनी माझ्यापाशी गाऱ्हाणं मांडलं.

"बाई, तुमीच सांगा हिला. म्या म्हणलं, दुसरा पाळणा लाव. पाळण्याला मोसम लागत न्हाई. पाळणा दुष्काळातबी फिरतो."

"मामा, पाळणा सगळ्यांकडं हाय," चंद्रकला म्हणाली.

"सगळ्यांकडं हाय, कारण तो चालतो! पोरी, सकाळधरनं तुझ्या काश्मिरात किती मानसं गेली?"

दादांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि आवाज जरा खाली आणला. "हे बघ. संध्याकाळी देवाचा जन्म झाला, की समदी गर्दी इकडं वळती. त्या गर्दीत तुझं काश्मीर भरलं, तर पुढच्या जत्रंला संगं घिऊ. न्हाई भरलं, तर उद्या मोडायचं आन् त्या जागी पाळणा. मंग पुना नगरीचं नाव काढायचं न्हाई."

"कबूल," चंद्रकला म्हणाली. पण तिच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

नंतर तिनं मला काश्मिरात नेलं. मुलांनो, तुम्ही हवे होतात! दारात वाळ्याचे भिजवलेले पडदे. ते बाजूला केले की गार, सुगंधी वारा तोंडावर येतो. आत डाव्या हाताला पत्र्याच्या हौदात पाणी, त्यावर शिकारा. ही होडी येलदरीच्या धरणावरच्या एका कोळ्याकडून आणलेली. तिला झालरी, पडदे आणि गाद्या लावून असं नटवलं होतं, की त्या कोळ्यालासुद्धा ओळखू आली नसती. रंगवलेले चिनार, कागदाची सफरचंदं. आणि समोर, एका लाकडी चढावर, पायापासून शिखरापर्यंत बर्फ.

तो बर्फ म्हणजे रुई (सरकी काढलेला कापूस). परभणीत कापसाला काय तोटा! जिनिंगमधली हलकी रुई आणून तिनं गुडघाभर जाड अंथरली होती. वरून अभ्रकाची पूड, त्यामुळे बर्फ चकाकत होता. मी लहान मुलासारख्या टाळ्याच पिटल्या.

"आता बूट घाला," तिनं एक जोड पुढे केला. दाराशी पाटी होती : 'बर्फात बुटांशिवाय प्रवेश नाही.' बाजूला लहानमोठ्या बुटांची रांग लावलेली.

"बाई, तुम्ही काश्मीरहून आल्यावर वर्गात सांगितलं होतं, की बर्फात बुटांशिवाय पाऊल टाकता येत नाही. मला ते तेव्हापासून डोळ्यांसमोर आहे. इथं सगळं खऱ्यासारखं पाहिजे."

मी बूट चढवले. माझ्या पायांना ते फार मोठे. चढाच्या मध्यावर उजवा बूट रुईत रुतून बसला आणि पाय तेवढा बाहेर आला. मी छत्रीसकट आडवी! लागलं अजिबात नाही. कापसात पडायला फार छान वाटतं. पण बुटांच्या आत वैशाख होता. बाहेर येऊन बूट काढले तेव्हा पाय उकडलेल्या बटाट्यांसारखे दिसत होते.

ऊन उतरायला लागलं तशी माणसं येऊ लागली. मी दाराजवळच्या स्टुलावर बसून पाहत होते. पुढचा पडदा बांधून वर उचललेला असल्यानं बाहेरूनही बर्फ दिसायचा. माणसं यायची, "आबाबा!" म्हणायची, दोरीला पोट टेकवून टकामका बघायची. मग पाटी कुणीतरी वाचून दाखवायचं, ती बुटांकडे बघायची, आपापसात कुजबुजायची आणि पाळण्याकडे निघून जायची. एक कुटुंब गेलं, दुसरं गेलं. शहरी कपड्यातली कॉलेजची पोरं तेवढी बूट घालून धिंगाणा घालून आली.

चंद्रकलेला वाटलं, बाहेर तंबूवर रंगवलेल्या शिखरांचा रंग उतरलाय. तिनं ब्रश घेऊन निळ्या सावल्या ठळक केल्या. मग वाटलं, दार अंधारं दिसतंय. पडदा आणखी वर बांधला. काही उपयोग नाही. पलीकडे गणपतदादांनी दुसऱ्या पाळण्याचे खांब गाडीवरून उतरवून ठेवायला सांगितले. ते मुद्दाम नव्हतं, सवयीनं होतं. पण तिनं पाहिलं आणि तिचा ब्रश थांबला.

तेवढ्यात देवळातल्या गर्दीला कंटाळून कौसाबाई सुनेसह आल्या. मला बघताच म्हणाल्या, "बाई, तुमी आदीच काश्मिरात येऊन बसल्या व्हय!" मी त्यांना आत बोलावलं. त्या दोरीपाशी आल्या, बर्फ पाहिला आणि थबकल्या. चंद्रकलेनं हसून बुटांचा जोड पुढे ठेवला.

कौसाबाईंनी पाय मागे घेतला. "न्हाई माय. बूट घालून न्हाई."

"मावशी, बर्फ आहे. बर्फात बूट घालतात."

"बरफ असंल तुमचा. आमाला कापूस दिसायलाय."

"कापूसच आहे, पण बर्फ समजायचा."

"समजते की. पर पायाला कसं समजावू?" कौसाबाई म्हणाल्या. "पैल्या येचणीला आमी ह्याला दहीभाताचा निवद दावतो. लक्ष्मी हाय ती. तिच्यावर चांबडं-रबर घालून नाचू व्हय?"

मागे उभ्या असलेल्या बायकांनी लगेच माना हलवल्या. एक म्हणाली, "सकाळधरनं हेच म्हणायलो आमी. म्हणलं, शहरातल्या लोकांना काय सांगावं!"

चंद्रकला परभणीच्या पेठेत वाढलेली. तिनं कापूस पाहिला तो गाड्यांवर आणि जिनिंगमध्ये. ती गोंधळून म्हणाली, "पण गाडी भरताना तुम्ही कापूस तुडवताच ना? मी पाहिलंय."

"तुडवतो की! दाबल्याबिगर गाडी भरंल का?" कौसाबाई हसल्या. "पर आदी पाया पडून. आन् अनवाणी. अनवाणी पाय कापसाला चालतो. बूट चालत न्हाई."

देवळाकडून घंटांचा आणि जयजयकाराचा आवाज उठला. जन्म झाला होता. आता गर्दी इकडे वळणार. चंद्रकलेनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा अगदी परीक्षेच्या शेवटच्या घंटेला असायचा तसा झाला होता.

"बाई, अनवाणी सोडलं तर ते काश्मीर कसलं? मग नुसता कापसाचा ढीग."

कौसाबाईंनीच तिची समजूत घातली. "लेकी, तुजं काश्मीर तू सांभाळ. आमाला निस्तं आत यिऊ दे."

चंद्रकला खाली वाकली आणि स्वतःच्या पायांतले बूट ओढून काढले. पाटी खिळ्यासकट उपटली, उलटी केली आणि निळ्या रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'चपला इथे काढा.' रंग ओघळत होता. सुनेनं ते वाचून दाखवताच कौसाबाईंनी चपला सोडल्या, दोरीखालून आत शिरल्या, वाकून रुईला हात लावला, तो कपाळाला नेला आणि पाऊल टाकलं.

"आई गं!" त्या ओरडल्या. मी घाबरून उठले. पण त्या हसत होत्या. "आगं ये की सुंदरे! दिवसभर फुफाट्यात भाजलेले पाय, आन् हे बघ!"

सून गेली. मागच्या बायका गेल्या. मग देवळाकडचा लोंढा आला. मुलांनो, ती गर्दी मी विसरणार नाही! गुलाल लागलेली कपाळं, कडेवरची पोरं, काठ्या टेकत आलेले म्हातारे, सगळे दाराशी वाकत होते, नमस्कार करत होते आणि पुढच्या क्षणी किंचाळत घसरगुंडी खेळत होते. धोतर सावरत एक पाटील शिखरावर चढून बसले आणि खाली उतरायला तयार होईनात. शिकाऱ्यासमोर रांग लागली. दाराबाहेर चपलांचा डोंगर झाला. कुणीतरी एका शिखराला हळदीकुंकूही वाहिलं.

चंद्रकलेनं ते कुंकू पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काश्मीरला कुंकू!" पण पुसायला काही ती गेली नाही.

गणपतदादा गर्दीच्या कडेनं आले. बराच वेळ बघत राहिले. मग गड्याला म्हणाले, "ते खांब परत गाडीवर टाक." आणि चंद्रकलेला, "पोरी, चपला सांभाळायला मानूस ठिव. न्हाईतर उद्या लोक मला अनवाणी पाठवतील." एवढं बोलून त्यांनी आपली पायताणं काढली आणि कुणी बघत नाही असं पाहून आत शिरले. मी बघत होते.

परतीच्या गाडीत मी खूप आनंदात होते. चंद्रकला बरोबर मोसमात आली होती. वैशाखात गारवा विकायला निघाली, पाऊसही मागच्या साली बरा झाला होता. हे सगळं जुळलं होतं, तरी दुपारभर तिची नगरी रिकामी राहिली. माणसं आत जाताना स्वतःला दाराबाहेर ठेवून जात नाहीत, एवढंच मला त्या स्टुलावर बसून उमगलं.

कौसाबाई पुन्हा माझ्या शेजारी. मधल्या एका गावाला ओळखीची बाई गाडीत चढली. कौसाबाईंनी तिला हाक मारून जवळ बसवलं.

"मी काश्मीर पाहून आले," त्या म्हणाल्या.

"खरंच? कसं हाय? लय थंड असंल न्हाई?"

कौसाबाईंनी थोडा विचार केला.

"थंड न्हाई गं," त्या म्हणाल्या. "मऊ हाय."

मी खरं काश्मीर पाहिलेलं आहे, तुमच्या आजोबांबरोबर. तिथला बर्फ टणक असतो आणि बोटांना चावतो. पण त्या बाईनं माझ्याकडे वळून विचारलं, "व्हय का ओ बाई?" तेव्हा मी मान हलवली आणि म्हटलं, "हो, फार मऊ आहे."